चहा न विचारणारी बाई

बँकेतल्या माणसाकडे पैशांचे किस्से असतात, शाळेतल्याकडे पोरांचे. आमच्या कचेरीत दिवसभर एकच प्रश्न विचारला जायचा, हा माणूस जिवंत आहे की नाही. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपले आपण येऊन बाकावर बसतात आणि कचेरी बंद व्हायची वेळ झाली तरी उठत नाहीत.

मी लिमये, राहणार गिरगाव, त्या कचेरीतून लेखनिक म्हणून रिटायर झालो. विधवा, वृद्ध, निराधार यांना सरकार जी पेन्शन देतं, तिच्यात कोणी लबाडी करतंय अशी तक्रार आली की ती आमच्या टेबलावर यायची. सावंत आणि कांबळे मॅडम हे दोघे निरीक्षक. ते घरोघर जाऊन माणसं बघून यायचे आणि त्यांनी जे बघितलं ते मी टाइप करायचो. तिघांत खुर्चीवर बसून काम करणारा मी एकटाच, त्यामुळे भुताखेतांची गाठ माझ्याशी जरा उशिरा पडली.

* * *

सावंतचा एक नियम होता. ज्या घरात चहा विचारतात, त्या घरात भानगड आहे. सरबत विचारलं तर नक्कीच आहे. आणि बिस्किटांचा पुडा फोडला तर सरळ पंचनाम्याला सुरुवात करायची.

"खऱ्या गरिबाक आमका बघून राग येता रे," तो म्हणायचा. "तो चहा कित्याक देयत?"

या नियमाला पुरेपूर उतरलेलं एकच घर निघालं, लालबागच्या एका चाळीतलं धुरींचं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली, बहुतेक बिऱ्हाडं ट्रान्झिट कॅम्पात. मागे राहिलेल्यांत इंदिराबाई आणि सुशीलाबाई या दोघी जावा, दोघीही विधवा, दोघींनाही पेन्शन. तक्रार अशी होती की दोघींपैकी एक वारली आहे आणि दुसरी दोघींचे पैसे खाते आहे. हे खरं निघालं असतं तर जिवंत असलेलीचीही पेन्शन बंद, वर वसुली, आणि त्याच्यावर पोलीस.

सावंत दुपारी गेला तेव्हा इंदिराबाई गॅलरीत स्टुलावर बसल्या होत्या. सुशीला कामावर गेली आहे म्हणाल्या, दादरला कुठल्याशा पोळीभाजी केंद्रात लसूण सोलते. आत या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. सावंतने मशीनवर अंगठा ठेवायला लावला तर मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालं. म्हातारपणी अंगठ्याच्या रेषा झिजतात, कितीतरी म्हाताऱ्या मशीनला पटत नाहीत. आम्ही ते मनावर घेत नसू.

निघताना इंदिराबाई एवढंच बोलल्या, "माझं बंद केलंत तरी चालेल. तिचं करू नका. तिला दमा आहे, औषध त्याच्यावरच चालतं."

सावंत खूश होऊन परत आला. बाई शंभर नंबरी खरी, चहाचं नावसुद्धा काढलं नाही! पण सुशीलाबाई काही दिसली नव्हती. त्यामुळे केस उघडी राहिली. त्या वर्षी टेबलावर बाकीचं सगळं आलं आणि गेलं, धुरींची फाइल तेवढी हलली नाही.

* * *

परळचे साटम म्हणून एक गृहस्थ होते. कागदावर मेलेले. कोणीतरी चुकीच्या ओळीत शेरा मारला आणि साटम गेले. ते दर सोमवारी यायचे, काउंटरवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "लावून बघा. गरम आहे."

आम्ही हात लावून बघायचो. गरम असायचा. पण हाताची प्रत फाइलला जोडता येत नाही. शेवटी कांबळे मॅडमनी वरच्या साहेबांकडे जाऊन भांडण केलं आणि साटमांना जिवंत केलं. त्यांनी आम्हाला पेढे आणले. सावंतने ते संशयाने खाल्ले.

दोन-तीन महिन्यांनी साटम पुन्हा काउंटरवर. आता काय राहिलं, मॅडमनी विचारलं. तर म्हणाले, "बाई, मला परत होतो तसं करा."

का, तर मेले होते तेव्हा दारावर कोणी यायचं नाही. भाऊबंद नाहीत, सोसायटीवाले नाहीत, मुलगाही नाही. आणि त्यांची गेलेली बायको रोज जेवताना समोर येऊन बसायची. "तुम्ही शेरा बदलला आणि ती यायची थांबली," साटम म्हणाले.

मॅडमनी त्यांना समजावून घरी पाठवलं. त्या दिवशी त्यांनी काउंटरवर हात ठेवला होता की नाही ते मला आठवत नाही. लावून मात्र कोणी बघितला नाही.

* * *

कांबळे मॅडम परळच्या चाळीत वाढलेल्या. घरात बुद्धवंदना आणि बापाचा कडक नियम, जे डोळ्यांनी दिसेल तेच बोलायचं. भूतबीत त्यांना चालत नसे. त्यामुळे त्यांच्या किश्शांची मला जास्त भीती वाटते.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून तक्रार आली होती की एक बाई विधवेची पेन्शन घेते पण नवरा घरात आहे. मॅडम गेल्या. बाई बोंबील वाळत घालत होती. तिने सरळ सांगितलं, होडी गेली ती आलीच नाही, माणूसही सापडला नाही. शेजारणींनीही तेच सांगितलं.

मॅडम निघाल्या तर उंबऱ्यापाशी पुरुषी चपलांचा जोड. ओला. निथळत होता. आजूबाजूची जमीन उन्हाने तापून कोरडी ठणठणीत.

मॅडम पुन्हा गेल्या, न सांगता. चपला तिथेच, ओल्या. बाईला विचारलं, हे कोणाचं? बाईने बोंबलांवरून नजर न हलवता म्हटलं, "भरती असली की ओल्या असतात."

मॅडमनी अहवालात लिहिलं, ‘पती आढळून आला नाही. चपला ओल्या होत्या.’ साहेबांनी कडेला शेरा मारला, ‘चपला कोणाच्या?’ मॅडमनी खाली उत्तर दिलं, ‘चपला पेन्शन घेत नाहीत.’

पेन्शन चालू राहिली.

* * *

माटुंग्याच्या एका जुन्या कॉलनीतली म्हातारी दार उघडत नाही, फक्त आतून बोलते, अशी तक्रार होती. सावंत गेला. मुलाने दार किलकिलं करून सांगितलं की आईला उजेड सहन होत नाही, लांबूनच बोला. सावंतला बाहेरच्या खोलीत बसवून तो औषध आणायला म्हणून बाहेर पडला. थोड्या वेळाने आतून हाक आली. पडदे ओढलेल्या खोलीत कॉटवर डोक्यावरून पदर घेतलेली आकृती होती. मग म्हातारीने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि सरकारी माणसं पायातलं बाहेर काढत नाहीत म्हणून सावंतला झापलंसुद्धा.

सावंत चपला काढायला वाकला आणि त्याला कॉटखाली म्हातारीचे पाय दिसले. त्यांत मगाशी दार उघडणाऱ्या मुलाचे मोजे होते. तो मागच्या दाराने आत आला होता.

मुलाने पदर काढला. रडला नाही, माफी मागितली नाही. आई गेली, पेन्शन बंद करा, म्हणाला. "फक्त खाली कोणाला सांगू नका. साडी नेसली की तिचा आवाज येतो. नाहीतर येत नाही."

सावंत खाली उतरला. वॉचमनजवळ थांबून सहज विचारलं, वरचे मायलेक कसे आहेत.

वॉचमन वैतागलेला होता. "रोज संध्याकाळी भांडण, साहेब. दोघं एकाच वेळी बोलतात. कोण काय म्हणतंय कळतसुद्धा नाही."

* * *

आमच्या टेबलावर एक फोन होता, निनावी तक्रारींसाठी. त्याच्यावर एका गृहस्थांचा फोन यायचा. आवाज सभ्य, बोलणं मोजकं. "दादरच्या अमक्या बाई वारल्या आहेत, त्यांची पेन्शन अजून निघते."

सावंत गेला तर बाई भाजी निवडत बसलेली. त्याने आल्यावर फोनवाल्याला शिव्या घातल्या. दहा-बारा दिवसांनी बाई वारली. पुढची तक्रार प्रभादेवीच्या एका आजोबांची. आजोबा कट्ट्यावर गप्पा मारत होते. तेही गेले. तिसऱ्या वेळी सावंत म्हणाला की तक्रार बरोबर असते, फक्त आपण लवकर पोचतो.

मग एका दुपारी फोन मी घेतला. तोच आवाज. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडच्या निरीक्षक सावंतांचा पगार अजून निघतो का?"

मी हे सावंतला सांगायला नको होतं. तो रजा टाकून मालवणला गेला, महिनाभर पेजेवर राहिला, देवीला कौल लावून आला. त्याला काहीसुद्धा झालं नाही. आजही ठणठणीत आहे. परवा विचारलं तर म्हणाला, "पगार निघत रवलो तर काय होता, ता बघूक मी मागे थांबाक नाय." त्याने आल्या आल्या वॉलंटरी रिटायरमेंटचा अर्ज दिला होता.

तो अर्ज मंजूर होईपर्यंत सावंतच्या हातात एकच केस उरली होती. धुरींची.

* * *

तोवर कांबळे मॅडमही दोनदा तिथे जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा इंदिराबाई स्टुलावर, सुशीलाबाई कामावर. संध्याकाळी गेलं असतं तर कदाचित भेटली असती, पण सरकार संध्याकाळी जात नाही. मॅडमचं मत पक्कं होत चाललं होतं की सुशीलाबाई मेली आहे आणि ही म्हातारी दोन्ही पेन्शनी घेते आहे. सावंत म्हणायचा की चहा न विचारणारी बाई खोटं बोलणार नाही.

शेवटी आम्ही तिघं गेलो. जबाब लिहून घ्यायला म्हणून मला नेलं. इंदिराबाईंना मी पहिल्यांदा बघत होतो. बारीक, सरळ बसलेली बाई, नऊवारी, डोळे माझ्यावरून रस्त्याकडे गेलेले. जबाबाला त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, "लिहायचं तर एवढंच लिहा. माझं नाव कमी करा. तिचं राहू द्या."

मॅडमनी सांगून टाकलं की असं चालणार नाही. पुढच्या गुरुवारी दोघी एकदम समोर हव्यात, नाहीतर दोन्ही पेन्शनी बंद.

पहिल्यांदाच इंदिराबाईंनी आमच्याकडे नीट बघितलं. "सांगते तिला," म्हणाल्या. "थांबेल ती."

गुरुवारी गेलो तेव्हा गॅलरीतलं स्टूल रिकामं होतं आणि दार उघडं. आत एक ठेंगणी बाई दम खात बसली होती, बोटं लसणाने पिवळी पडलेली. आम्हाला बघताच सुरू झाली. कामाचा खाडा झाला, मुकादमीण उद्या उभी करणार नाही, काय असेल ते लवकर करा.

मॅडमनी मशीन पुढे केलं. पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा. सुशीला धुरी, हयात. सावंतने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच तिला जन्म दिला. मॅडमनाही हलकं वाटलं असावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं काम झालं. आता इंदिराबाईंना बोलवा. दोघी एकदम हव्यात असं मी त्यांना सांगितलं होतं."

"कोणाला सांगितलं होतं?"

"इंदिराबाईंना. गेल्या आठवड्यात, इथे बाहेरच. तुम्हाला निरोप मिळाला ना? म्हणून तर आज थांबलात."

"निरोप मिळाला," सुशीलाबाई म्हणाली. मग ती आमच्या पलीकडे, गॅलरीतल्या स्टुलाकडे बघत राहिली. आता तिच्या आवाजातला कजागपणा गेला होता.

"ती जाऊन वर्ष होत आलं, बाई. तेच सांगायला तुमच्या कचेरीत, खालच्या मजल्यावर, किती खेटे घातले मी. खिडकीवरचा बाबा दर वेळी म्हणतो, ज्याचं नाव कमी करायचं त्याला समक्ष घेऊन या. तिचे पैसे बँकेतच पडलेत. मी हात लावलेला नाही."

सावंतने दाराची चौकट धरली. मॅडम मशीनकडे बघत होत्या.

"मग निरोप कोणी दिलान?" सावंतने हळूच विचारलं.

सुशीलाबाई उठली. "चहा ठेवू का?"

आणि सावंत, सबंध नोकरीत पहिल्यांदा, "ठेवा" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल टाइप करायला बसलो. सुशीला धुरी, पेन्शन चालू. इंदिरा धुरी, नाव कमी. शेवटच्या रकान्यात विचारलेलं असतं, नाव कमी करण्याची विनंती कोणी केली? माझी बोटं तिथे थांबली. मी मॅडमकडे बघितलं. जे डोळ्यांनी दिसेल तेच बोलणाऱ्या कांबळे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"लिहा ना," त्या म्हणाल्या. "तिघांनी ऐकलंय."

मी लिहिलं, ‘लाभार्थीने स्वतः, समक्ष.’

साहेबांनी वाचलं आणि सही केली.