तिसऱ्या ग्लासातला लोण्याचा वास

१. आज दुपारी लखनौच्या गोमती नगरातल्या एका ब्रूअरीत बिअर चाखून गुण द्यायचे होते.
२. तिसऱ्या ग्लासाला लोण्याचा वास आला.
३. मी शून्य दिलं.

बिअर बनवणारे भैया सगळ्यांसमोर हसले. "मॅडम, मक्खन खाना है तो चौक जाइए!" चौक म्हणजे इथला मक्खन-मलाईसाठी प्रसिद्ध जुना बाजार.

मी प्रयोगशाळेत रोज यीस्ट वाढवते; यीस्टचं काम पुरं होण्याआधी बिअर काढली की हा वास राहतो, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "हथेली में गरम करके सूँघिए."

त्यांनी ग्लास तळहातात धरला, हुंगला आणि हसायचे थांबले. स्वतःच उठून त्या बिअरचा नळ बंद केला. "दो दिन जल्दी निकाल ली थी. अगली बार पहले आप चखेंगी."

शनिवारी नवी बिअर चाखायला जातेय. लखनौतल्या मराठी मंडळींनो, वासात घोळ नको म्हणून अत्तर न लावता येतील असे दोघं सोबत हवेत. गुरुवारपर्यंत कळवा.