कपाटात नसलेली साडी
डांबरगोळ्यांचा वास आला की आई गेली ती दुपार आठवते. सांगलीच्या घरात बायका तिला आंघोळ घालत होत्या आणि नेसवायला चांगली साडी आणायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या लग्नात आष्ट्याहून आलेलं लोखंडी कपाट मी उघडलं. दोन कप्प्यांत, पोट कमी होईल या आशेवर जपलेल्या माझ्या पँटी. बाकीच्यांत बायकोमुलांचे कपडे. आईची एकही साडी सापडेना. तेवढ्यात मावशी दारात आली. "आरं, तिचं कपडं कपाटात कवा हुतं? दारामागं खुंटीला पिशवी हाय बघ." पिशवीत तीन साड्या निघाल्या, धुऊन घडी घातलेल्या. मावशीनं त्यातली कमी विरलेली निवडली. ऑफिसातून आलो की मी वर्षानुवर्षं त्याच खुंटीला, त्या पिशवीवरच शर्ट अडकवत होतो. अजूनही शर्ट काढला की हात तिकडेच जातो.