पाऊण इंच डावीकडे

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, घाटात हात दाखवणारी बाई... चालू द्या. माझा विश्वास फक्त मेजरिंग टेपवर. टेप सहसा खोटं बोलत नाही, आणि बोललीच तर फेकून दुसरी आणता येते. देवा-भुतांच्या बाबतीत ही सोय नाही.

तर... मी मेकॅनिकल इंजिनियर. बरी चाललेली नोकरी सोडून बिबवेवाडीत गाड्या मॉडिफाय करायचं दुकान टाकलं. वडील म्हणाले, "इंजिनियर होऊन शेवटी गाड्यांना पावडर-लालीच लावणार का?" मी म्हटलं, हो. आणि लावलीही, उत्तम लावली. मोबाइलवरचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, हिंजवडीकडे आयटीच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आजूबाजूच्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता. त्या गावांतली पोरं माझी हुकमी गिऱ्हाइकं.

सागर त्यातलाच एक. त्याची पिकअप पूर्वी पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून मार्केट यार्डात यायची. जमीन गेली, जुड्या संपल्या, गाडी नव्या बंगल्याच्या पोर्चखाली नुसती उभी. पोरगा म्हणाला, "दादा, अशी करा की रस्त्यानं गेली की माना वळल्या पायजेत."

मला तेवढंच हवं होतं. गाडी उचलून उंच केली, रुंद टायर घातले, पुढे बुलबार, टपावर चार फॉग लॅम्प, मागे रोलबार. इंजिनाला मोठा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर दिला, म्हणजे चढावर दम लागायला नको. वरून मेटॅलिक काळा रंग. स्वतःच्या कामाचं कौतुक करू नये म्हणतात, पण ती गाडी बघून शेजारचा टायरवाला पंक्चर काढायचं सोडून बाहेर आला होता.

फक्त एक खोट होती. गाडी डावीकडे झुकत होती.

फार नाही, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजलं तर डावीकडे पाऊण इंच कमी. इतरांना दिसलंही नसतं, मला झोप लागेना. चाकांवरचे डावे-उजवे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा, अदलाबदल केले. तरी डावीकडेच. नवी जोडी आणली, बुश बदलले, खालचा सांगाडा, म्हणजे चासी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून पाहिली, एकदम सरळ. दुकानाच्या फरशीला उतार असेल म्हणून गाडी तोंड फिरवून उभी केली... पुन्हा तिची डावी बाजूच खाली! अशा वेळी माणूस नवस बोलतो म्हणतात. मी पाट्यांच्या दुकानदाराला शिव्या दिल्या.

डिलिव्हरीच्या सकाळी सागर आईला घेऊन आला. हार, नारळ, पेढे. मावशी पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहरा मात्र उतरलेला. सागर हौसेने ड्रायव्हर सीटवर चढला आणि मी सवयीने मडगार्डकडे पाहिलं. गाडी एकदम समतोल! तो उतरला, गाडी पुन्हा डावीकडे. त्याला परत बसवलं. समतोल. उतरवलं. डावीकडे.

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अरे, शेजारच्या सीटवर कुणीतरी बसल्यासारखी झुकतेय ही."

सागर गाडीपासून दोन पावलं मागे सरकला. "दादा... तिथं अण्णा बसायचे."

मग कळलं ते असं. अण्णा म्हणजे त्याचे वडील. वर्षानुवर्षं रोज पहाटे हा गाडी चालवायचा आणि अण्णा डावीकडे बसून बाजाराला यायचे. जमिनीच्या खरेदीखतावर त्यांनी सही केली, आणि थोड्याच दिवसांनी एका सकाळी "आलोच" म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. पोलीस झाले, पाहुणेरावळे झाले, काही पत्ता नाही. आता भावकी मागे लागली होती की माणूस गेलाच असणार, आत्मा ताटकळत ठेवू नका, दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी उरकून घ्या. मावशी एकट्याच विरोधात उभ्या होत्या.

"आई, काका म्हनतात ते खरं हाय," सागर म्हणाला. "अण्णा घुटमळत्यात. गाडीत येऊन बसत्यात. आता तरी..."

"गप ऱ्हा!" मावशींनी नारळ बोनेटवर असा आपटला की माझ्या नव्या रंगाचा जीव वरखाली झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमी शिकल्यालं इंजिनियर हाय ना? मग सांगा ह्याला. गाडीत कायतरी बिघाड हाय, दुसरं काय न्हाई. सांगा."

त्यांचे डोळे कोरडे होते, पण हात कुंकवाकडे गेला होता. त्या क्षणी मला पुरतं कळलं की ही बाई माझ्याकडे गाडीबद्दल विचारतच नाहीये. मी 'माहीत नाही' म्हणालो असतो तर येत्या अमावस्येपर्यंत तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याचा पुतळा जाळला असता.

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पण आत्मविश्वासाची मला कधीच कमतरता पडलेली नाही. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "पाटा कच्चा आहे, सागर. कंपनीचा डिफेक्ट. भूतबीत काही नाही. काकांना सांग, इंजिनियरने लिहून द्यायची तयारी दाखवलीय."

आणि त्यांच्यासमोरच डाव्या पाट्याखाली लोखंडी पट्टीचं पॅकिंग मारलं. घासून, टेप लावून, पुन्हा घासून... रिकामी गाडी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी होईपर्यंत. मावशींनी स्वतः वाकून पाहिलं, मग नारळ फोडला. विधी टळला. धडधडीत खोटं बोललो, पण त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

चारेक महिन्यांनी भर दुपारी तीच काळी पिकअप दुकानासमोर थांबली आणि सागर तणतणत उतरला. "दादा, काय काम केलंय! आता उलटीकडं झुकती ना गाडी!"

पाहिलं तर खरंच. उजवी बाजू खाली. माझं पॅकिंग डावी बाजू उगाच वर ढकलत होतं, कारण डावीकडे आता पेलायला काही नव्हतंच.

"कधीपासून?"

"झाले की चार दिस. घरी गडबड व्हती म्हनून ध्यानात न्हाई आलं." आणि एकदम त्याचा सगळा राग ओसरला. "दादा, अण्णा घरी परत आले!"

मागच्या रिक्षातून मावशी उतरत होत्या, आणि त्यांच्यामागून धोतर-टोपीतला एक रापलेला माणूस. हाडामांसाचा, पायात चपला, तोंडात तंबाखू. सासवडच्या पुढे कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत राखणीला राहिले होते म्हणे. "मातीबिगर करमंना," एवढंच कारण. गाडीभोवती एक फेरी मारून मला म्हणाले, "कुनाचं लगीन हाय का?"

मग सवयीने डावं दार उघडून आत जाऊन बसले.

मी टेप लावली. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. दोऱ्याचाही फरक नाही. रिकाम्या गाडीवर, रिकाम्या सीटवर घासून बसवलेलं माझं पॅकिंग त्यांच्या वजनाला बरोबर जुळत होतं.

राहवेना म्हणून विचारलंच, "अण्णा, मधल्या काळात तुम्हाला कधी... म्हणजे या गाडीत आल्यासारखं, बसल्यासारखं काही..."

याने आता दुकान बंद करून घरी झोपायला जावं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कशाला बसू गाडीत? मी डाळिंबाला पानी देत व्हतो."

पॅकिंग काढलं. पैसे घेतले नाहीत. निघताना मावशी माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाटा चांगला व्हता. ठावं हाय मला. पर तुमी तवा तसं म्हनला नसता ना साहेब, तर हे दारात आले तवा मी कोऱ्या कपाळानं समोर गेले असते."

त्यानंतर शेकडो गाड्या केल्या, एकही अशी झुकली नाही. हा किस्सा सांगितला की मेलेला माणूस येऊन बसतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण धडधाकट जिवंत माणूस तिकडे डाळिंबाला पाणी देता देता इकडे बिबवेवाडीत सीटवर कसा बसतो, हे सांगणारा अजून कुणी भेटलेला नाही. मलाही सांगता येत नाही.