मिठाचा चहा

नलिनी मॅडमशी शेवटच्या फोनवर मी खोटं बोललो.

एकच शब्द. "हो."

आज सकाळी आईचा फोन आला. "बाबू, तुझी म्याडम गेली रे."
मी आखातात आहे, जहाज दुरुस्तीच्या यार्डात. हेल्मेट घालत होतो, ते हातातच राहिलं.

(हे फोनमध्ये बोलून टाईप करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.)

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी आठवीत शाळा सोडली. सोडली कसली, शाळेनेच मला सोडलं. अक्षरं माझ्यासमोर जागेवर थांबत नाहीत. इंग्लिश तर बिलकुल नाही.
घरी सगळे म्हणायचे, आळशी आहे.
मॅडम म्हणाल्या, "आळशी तर आहेसच. पण तो वेगळा विषय."

मुंबईत चारकोपला त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत आम्ही सात जण शिकायला जायचो. सगळे सोळा-सतराचे, सगळे माझ्यासारखेच. पुस्तक नव्हतंच. कुकर, गॅस, औषधाची स्ट्रिप, बँकेची स्लिप. इंग्लिश त्याच्यावरूनच शिकायचं.
"उद्या मी नसेन, आईबाप नसतील. मग कोण वाचून दाखवणार?" असं डायरेक्ट तोंडावर विचारायच्या.

पहिल्याच आठवड्यात चहा शिकवला.
दोन सारखे डबे, दोन्हींत पांढरी भुकटी. एकावर शुगर लिहिलेलं, एकावर सॉल्ट. इंग्लिशमध्ये.
"लेबल सगळ्यांनी वाचलं?"
"येस मॅडम!" सातही जण.

एकानेही वाचलं नव्हतं.

हाताला लागला त्या डब्यातलं टाकून आम्ही चहा केला, आणि मॅडमनी प्रत्येकाच्या हातात कप दिला. केतकीने पहिला घोट घेतला आणि सरळ बेसिनकडे पळाली.
"ई, मॅडम! वाट लागली! मीठ आहे हे!"
"मग येस कोण म्हणालं?"
सगळे आपापल्या कपात बघायला लागले.
"लोक हसतील म्हणून न समजता हो म्हणता तुम्ही. आज चहा आहे. उद्या कोणी कागद पुढे करेल."

त्या दिवसापासून एक नियम. कोणी हो म्हटलं की मॅडम काही बोलायच्या नाहीत. टेबलावर बोट वाजवायच्या.
एक.
दोन.
तीन.
तीन होईपर्यंत आपलं हो परत घेता यायचं. ओरडा नाही, टोमणा नाही. फक्त म्हणायचं, "नाही समजलं. परत सांगा." इंग्लिशमध्ये पण पाठ करून घेतलं. "आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज टेल मी अगेन."

माझं स्पेलिंग काही सुधारलं नाही. पण हे वाक्य बसलं.

गेल्या वर्षी इथे एका जहाजाची टाकी साफ करायची होती. आत उतरायच्या आधी कागदावर सही करायची. सगळा इंग्लिश. माझ्या पुढचे पाच जण भराभर सह्या करून मोकळे झाले.
सुपरवायझर म्हणाला, "पढ़ लिया? ओके?"
"येस सर."
पेन टेकवलं. आणि कानात ते बोट.
एक. दोन.
"नो सर." आवाज फाटला माझा. "आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज टेल मी अगेन."
मागचे हसले. एक बोलला, "अनपढ़ आदमी, टाइम खोटी करता है."
सुपरवायझर भडकला. "आया किसलिए फिर?" आणि रागारागाने मोठ्याने वाचायला लागला. अर्ध्यावर थांबला.
आतला गॅस तपासल्याचा रकाना रिकामा होता.
तपासणारा आला, दोरीने गॅसचा मीटर टाकीत सोडला. मीटरचा अलार्म असा बोंबलायला लागला की मागचं हसणं बंद.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून म्हणाल्या, "तीनच्या आत बोललास ना?"
"दोनला, मॅडम."
"शहाणा माझा."
आयुष्यात कोणी मला शहाणा म्हटलं असेल तर तेवढंच.

मग चार महिन्यांपूर्वी त्यांचाच फोन आला. तब्येतीचं सांगत होत्या. रिपोर्ट आलाय, डॉक्टर असं म्हणाले. दोन-तीन इंग्लिश शब्द. मला एकही कळला नाही.
विचारावं असं वाटलं. पण नुकताच शहाणा झालो होतो ना. आणि खरं सांगू, भीती वाटली. कळलं असतं तर?
"समजलं ना रे?"
"हो मॅडम."

पलीकडे शांत.
मला वाटलं, नेटवर्क गेलं.
आज कळतंय, त्या मोजत होत्या.

मग म्हणाल्या, "बरं. जेवलास का?"

मला मे महिन्यात सुट्टी मिळत होती. तरी त्याच फोनवर मी म्हटलं, दिवाळीला येतो मॅडम.
"ये की," म्हणाल्या.

दुपारी केतकीशी बोललो. ती दर गुरुवारी त्यांच्याकडे जायची, चहा करून द्यायची. तिला सगळं माहीत होतं. "मी डॉक्टरला तीनदा विचारलं रे. चिडला तो. म्हटलं, चिड, पण परत सांग."
मग मला म्हणाली, "तुला पण मॅडमनी सांगितलं होतं ना?"


मॅडम, तीन कधीच होऊन गेले.
तरी माझं हो मी परत घेतो. सगळ्यांसमोर.
मला नव्हतं समजलं.

परत सांगा ना.

तुमचा आळशी,
बाबू