कोब्याचं अंगण

नातीच्या बारशाला मी जुन्या बोंडल्याला कल्हई करवली, ही माझी चूक. माळ्यावर आईचं पितळी बोंडलं सापडलं, ज्यातून तिनं मला दूध पाजलं होतं. दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून ते चकचकीत करून घेतलं आणि पाळण्याभोवतीच्या बायकांसमोर, जणू मीच ते घडवलंय अशा थाटात, वर धरलं. कोपऱ्यात बसलेले माझे मामेसासरे उठले. त्यांनी बोंडलं माझ्या हातातून घेतलं, हुंगलं, नखानं खरवडलं आणि खिशात घातलं. पुढे ते कुणालाच दिसलं नाही.

"कथील महाग, शिसं स्वस्त," ते म्हणाले. "कल्हईत काय मिसळलंय ते त्याच्या देवाला ठाऊक. पोरीला स्टीलच्या वाटीनं पाजा."

"मामा, मी याच बोंडल्यातून प्यायलोय."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ निरखून पाहिलं. "व्हय," म्हणाले, "दिसतंय."

माणसाचं माणसाशी वैर असतं, गावाचं गावाशी असतं, पण एका धातूशी जन्माचं वैर धरलेला असा माणूस साऱ्या रायगडच्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. बायकोचे हे मामा श्रीवर्धनला समुद्राजवळ राहतात. हयात मासेमारीत गेली. आता होडी मुलाकडे आणि वैर यांच्याकडे. कधीतरी त्यांनी एक लोहचुंबक पैदा केलं. ज्याला ते चिकटत नाही ते शिसं, असा त्यांचा साधा सिद्धांत होता. या हिशेबानं आमच्या घरातली ॲल्युमिनियमची पातेली, पितळी समई, बायकोच्या पाटल्या आणि दाराची मूठ, सगळंच संशयित ठरलं. शेवटी त्यांनी चुंबक माझ्या कपाळाला टेकवून पाहिलं. चिकटलं नाही. "संशय होताच," म्हणाले.

म्हसळ्याला आमच्याकडे यायचे ते एसटीनं. आले की आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात घासायचे, अंगातला सदरा बदलून पिशवीतला धुतलेला घालायचे आणि मगच नातीला उचलायचे. शिशाला हात लावून त्यांना कैक वर्षं झाली होती, पण धूळ मागे येते असा त्यांचा दावा होता. जत्रेतली रंगीत लाकडी बाहुली त्यांनी परस्पर नाहीशी केली, कारण रंगाचा भरवसा नाही. हळद फार पिवळी दिसली की डबा उन्हात नेऊन बघत बसायचे आणि पुढच्या खेपेला घरी दळलेली आणायचे. नातीला त्यांनी करवंटीचा खुळखुळा करून दिला होता. तो वाजला की शेजारचे लोक दार उघडायला उठत. मी एकदा लाडानं नातीला "आला, आला माझा राजा" म्हणालो, तर लगेच मला अडवलं. "पोरगी हाय ती. आली म्हणा. जे हाय ते नीट बोलावं माणसानं."

स्वतःच्या बाबतीत मात्र हे वैर त्यांना फार सोयीचं होतं. पत्त्यांत हरले तर शिसं, एसटी चुकली तर शिसं. "ल्हानपणी दातांनी मणी दाबलेत मी," म्हणायचे, "डोकं चालंल कुठनं?" मामी आतून म्हणायच्या, "माझ्याशी लगीन केलं तेवढ्यापुरतं बरं चाललं." पण धाकट्या भावाची गोष्ट निघाली की त्यांच्या तोंडून विनोद येत नसे.

पाग म्हणजे हातानं फेकायचं जाळं; ते बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी लागतात. मामांचे वडील जुन्या बॅटऱ्यांचं शिसं अंगणातच कढईत वितळवायचे. मामा शेजारी बसून मणी दोरीत ओवायचे आणि दातांनी दाबून पक्के करायचे. वडील फारसं बोलणारे नव्हते, पण कढईशी बसले की गाणं म्हणायचे. जन्मात एवढं सुख पुन्हा मिळालं नाही, असं मामा सांगतात आणि लगेच उठून हात धुतात. त्याच अंगणात धाकटा रांगत असायचा. रडला की मामाच त्याच्या मुठीत एक मणी द्यायचे. तो तोंडात धरून गप्प बसायचा.

"गोड लागतं ते," मामा मला एकदा म्हणाले. "कुणी सांगत न्हाय, पण गोड लागतं."

धाकटा बोलायला उशिरा शिकला. पोट दुखतं म्हणून रडायचा, चेहरा कायम फिका. शाळेत अक्षरं त्याच्या डोक्यात टिकली नाहीत. मास्तर मंद म्हणाले, गावानं तेच नाव ठेवलं. चिडायचा, मारामाऱ्या करायचा. मोठा झाल्यावर मुंबईला धक्क्यावर हमालीला गेला आणि तिकडेच तरुणपणी वारला. नशीब म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. फार वर्षांनी मामांचे हात थरथरायला लागले, तेव्हा दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लहानपणी काय काम करायचात असं विचारलं. मामांनी हौसेनं कढईचं सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. शिसं मोठ्यांनाही बाधतं, पण लहान मूल ते जास्त शोषून घेतं, वाढत्या मेंदूत ते जातं, हाडांत साठतं आणि मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही, असं त्यांनी समजावलं. भावाचं तेच झालं का, हे आता सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. मामांनी एवढंच विचारलं, "थोडं चालतं का?" बाई म्हणाल्या, "लहान मुलाला थोडंही नको."

तेव्हापासून मामा भावाला मोठा करत आले आहेत. बँकेत साहेब दिसला की म्हणतात, "धाकला असा झाला असता." एसटीच्या कंडक्टरकडे बघूनही तेच. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासारखा झाला असता, जावई." मी सुखावलो. "म्हंजे," ते म्हणाले, "निदान चष्मा तरी लागला असता."

नातीला मात्र त्यांनी आपल्या घरी कधी येऊ दिलं नाही. जीव तर एवढा, की तिचा दात आला तेव्हा ते भर उन्हात तो बघायला म्हसळ्याला आले होते. पण अंगणातल्या मातीवर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही श्रीवर्धनला गेलो की भेट किनाऱ्यावरच्या बाकावर व्हायची. मामी डब्यातून वडे आणायच्या आणि मामा नातीला कडेवर घेऊन लांबूनच दाखवायचे, "ते बघ आपलं कौल. त्याच्याखाली झोपाळा हाय."

यंदा त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा घातला, माती जराही उघडी ठेवली नाही. गाव हसलं. मामी म्हणाल्या, "आता शेण कुठं सारवू, तुमच्या टकलावर?" त्यांनी ऐकलं नाही. कोबा वाळल्यावर मला फोन आला. "जावई, पोरीला घरी आणा."

आम्ही पोचलो तेव्हा मामा गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं कोबा पुसत होते. वाळलेला केर उडवायचा नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं. माझ्या मुलीनं नातीला खाली ठेवलं. मामा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि थरथरते हात पुढे करून हाका मारू लागले. ती मध्येच थांबली, कोब्यावर हात आपटून पाहिला, मग रांगत थेट त्यांच्यापाशी गेली. त्यांनी तिला उचललं, तिची मूठ हळूच उघडली. आत काही नव्हतं. तो रिकामा तळवा ते बराच वेळ बघत राहिले. मामींनी चहा झाल्याचं दोनदा सांगितलं, तरी उठले नाहीत.

परतीच्या वाटेवर नात मांडीवर झोपली होती. मी म्हणालो, "मामांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं."

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "अहो, हाका मारताना मामा 'आली' नाही, 'आला' म्हणत होते."