गुलाबी स्कार्फ

माझ्या चार वर्षांच्या मुलीचा कान वाहायला लागला तो नेमका नणंदेच्या लग्नाच्या चार दिवस आधी. तिला जवळ घेतलं की वास यायचा. पाहुण्यांनी नाक मुरडू नये म्हणून मी कानात कापसाचा बोळा कोंबला आणि वरून गुलाबी स्कार्फ घट्ट बांधला. सासूबाई म्हणाल्या, "पोरांचं कान फुटत्यातच. त्येल सोड, बरं हुईल." मी तेलही सोडलं.

आमच्या घराला लागूनच गाईंचा गोठा. त्या धावपळीत पोर दुपारी तिथल्याच बाजेवर झोपायची आणि तिच्यावर माश्या घोंघावायच्या. मांडवात हळद लागत असताना तिनं माझा पदर ओढला.

"आई, कानात कोनतरी चालतंय."

"गप बस, बायका बघत्यात," मी डाफरले.

लग्न लागल्यावर स्कार्फ सोडला तर कापूस रक्तानं भिजलेला, आणि आत काहीतरी वळवळलं. मी लगेच ओळखलं. जखमेत अळ्या पडलेली गाय मला काय नवीन? गाईचं खूर जरा चिघळलं तरी मी त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना फोन करते. पोरीच्या वेळी मात्र मला आलेल्या बायकांची पडली होती. आजही आठवलं की स्वतःचीच किळस येते.

नगरच्या डॉक्टरांनी कानात औषध टाकून चिमट्यानं एकेक अळी काढली. नवऱ्यानं तिला मांडीवर आवळून धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघून किंचाळत होती.

"कान कधीपासून वाहतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालपासून," मी धडधडीत खोटं बोलले.

तेल, बोळा पुन्हा घालायचा नाही, असं त्यांनी बजावलं. ऐकू नीट येईल की नाही, हे जखम भरल्यावरच कळणार होतं. आमच्याकडे भांडणात बायका 'तुला किडे पडतील' असा शाप देतात. इथे तर माझ्या लेकीलाच पडले होते. घरी पोचताच मी सगळ्यांना ताकीद दिली, "कुनी इचारलं तर नुसता कान दुखत हुता म्हना." हे मी तिच्यासमोरच बोलले.

कान बरा झाला. तिला ऐकू येतं, अगदी लांबचंही. तेव्हा मी देवापुढे रडले होते.

परवा नणंद सासरच्या माणसांना घेऊन आली. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला तशी मुलगी आत पळाली आणि तो गुलाबी स्कार्फ शोधून घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आई, लवकर बांध. पाव्हनं आल्यात."