कागदावर नसलेलं वाक्य

बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि आत नळ चालू होता. मी हाक मारली, "रेश्मा!" उत्तर नाही. पुन्हा मारली. मग स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि त्याने दार बडवलं. बादली भरून पाणी खाली वाहत होतं, ते दाराखालून माझ्या पायापर्यंत आलं. बादली भरली की माणूस नळ बंद करतो. कोणी करत नव्हतं.

चार दिवसांनी मी सुनेचं नाव तोंडातून काढलं होतं, आणि ती ओ देत नव्हती.

मी गल्लीत येऊन ओरडले. शेजारचे शिंदे बनियनवरच धावत आले. वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. रविवार म्हणून घरी होते.

"काय झालं मावशे?"

"सून आत आहे. बोलत नाही."

"व्हा बाजूला."

पोती उचलणारा खांदा तो. दुसऱ्या धडकेत कडी तुटली. रेश्मा भिंतीला टेकून खाली बसली होती, परकर छातीपर्यंत बांधलेला, केस ओले, मान एका बाजूला पडलेली. भिंतीवरच्या गॅस गिझरमध्ये निळी ज्योत जळत होती. शिंद्यांनी आधी सिलिंडर बंद केला, मग तिला उचलून बाहेर आणली. मी तिच्यावर चादर टाकली. त्यांनी परत आत डोकावून वर पाहिलं आणि विचारलं,

"ह्या खिडकीला पुठ्ठा कुनी लावलाय?"

"मी," मी म्हणाले.

आता पहिल्यापासून सांगते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी ख्रिस्ती आहे, देवावर विश्वास आहे, पण 'पवित्र आत्म्याने मला आत्ता सांगितलं' असं म्हणणाऱ्या माणसांवर नाही. असे उपदेशक मी पुष्कळ पाहिले. एकाने माझ्या कपाळावर हात ठेवून मला मागे ढकललं. मी पडले नाही तेव्हा म्हणाला, बाईंचं मन कठीण आहे. मी म्हणाले, मन नाही, पाय घट्ट आहेत. दुसऱ्याने माझे गुडघे बरे झाल्याचं माईकवर जाहीर केलं. जिना उतरताना त्याच गुडघ्यांनी मला रडवलं.

माझं शिक्षण चौथी. गाव नगर जिल्ह्यातलं. लग्न होऊन आले ती कोपरखैरण्यातच राहिले. नवरा गेला. मुलगा योहान टेम्पो चालवतो, सून रेश्मा तुर्भ्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. घर बैठं, बाथरूम तीन बाय चार फुटांचं, वर एक लहान खिडकी. ती मागच्या गटाराच्या गल्लीत उघडते.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान. चाळीस-पन्नास माणसं. ट्यूशन क्लासच्या वरचा हॉल रविवारी भाड्याने मिळतो. पाळक, म्हणजे आमचे पास्टर, तरुण आहेत, आले तेव्हा कागदाशिवाय बोलायचे. कधी पंधरा मिनिटं, कधी सव्वा तास. मध्येच डोळे मिटून थांबायचे. लोकांना आवडायचं, मला नाही. मी कमिटीत आहे. मीच ठराव मांडला की उपदेश लिहून आणायचा, लिहिल्याबाहेर बोलायचं नाही, पंचवीस मिनिटांत संपवायचा, आणि शनिवारी एक प्रत मला आणून द्यायची.

सेक्रेटरी गायकवाड हसून म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही काय उपदेश तपासणार?"

"तपासणार नाही. बोट ठेवून बघणार, लिहिलंय तेच वाचतात का."

ठराव पास झाला. तेव्हापासून दर रविवारी मी पहिल्या रांगेत मांडीवर कागद घेऊन बसायची आणि ते वाचतील तसं ओळीवर बोट सरकवायची. सात महिने एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. उपदेश सुका व्हायचा, हे मलाही कळत होतं. पण सुकी भाकरी तरी भाकरी असते, असं मी म्हणायचे.

आता भांडणाचं. गिझर रेश्माने बसवून घेतला. बसवणारा सांगून गेला, खिडकी उघडी ठेवा. पण त्या खिडकीतून गटारावरचे डास यायचे. मी स्टुलावर चढून पुठ्ठा लावला, वरून खाकी चिकटपट्टी. रेश्माने तो काढला. मी परत लावला. ती म्हणाली, "आत्या, तुम्हाला सांगून कळत नाही का?" ती मला आत्या म्हणते. मी म्हणाले, "घर कोणाचं आहे?" बुधवारपासून अबोला सुरू झाला. पुठ्ठा तसाच राहिला. तिनेही मग हट्टाने हात लावला नाही.

आमच्यात एक जुनी रीत आहे. मनात कोणाबद्दल अढी असली तर प्रभुभोजन, म्हणजे मेजावरची प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं नाही. आधी समेट, मग मेज. गावाला भोजनाच्या आधीच्या आठवड्यात पाळक आणि दोन वडीलधारे घरोघर जायचे आणि सरळ विचारायचे, भांडण आहे का? शहरात कोण विचारतो? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारायचं. मी विचारलं नाही.

त्या रविवारी भोजन होतं. योहान नाशिकच्या फेरीला गेला होता. मी सकाळी तयार झाले तेव्हा रेश्मा कपाटाकडे बघून म्हणाली, "मनात अढी ठेवून मी मेजाला बसत नाही. मी केस धुणार आहे." अबोल्यात आम्ही असंच बोलायचो, भिंतीला नाहीतर कपाटाला. मी फ्रीजला म्हणाले, "नाही आली तर नाही आली." आणि निघाले. प्रभुभोजनाचे लहान पेले धुऊन पुसून मांडायचं काम माझंच आहे. ते केलं. जिच्या मनात अढी नाही अशा बाईसारखे मांडले.

उपदेश सुरू झाला. विषय पहिल्या पिकाचा, अर्पणाचा. माझं बोट कागदावर. दुसरं पान, वरून सहावी ओळ. तिथे पाळक थांबले.

मला वाटलं पाणी पिणार. प्यायले नाहीत. कागदाकडे बघत उभे राहिले. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. गायकवाड मागून कुजबुजले, "पान हरवलं की काय?" मला राहवलं नाही. मी मोठ्याने सांगितलं, "दुसरं पान, सहावी ओळ. 'पहिलं पीक देवाचं' – तिथून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, मला वाचता येत नाहीये."

मागे कोणीतरी हसलं. पाळकांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "इथे बसलेल्या कोणाच्या तरी घरात अबोला आहे. त्या माणसाने आत्ता उठावं आणि घरी जावं. भोजनानंतर नाही. आत्ता. तो उठेपर्यंत मी पुढे बोलणार नाही." आणि खुर्चीवर बसून डोळे मिटले.

तिसऱ्या रांगेत एक जोडपं होतं. बायको नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "उठा की." तो म्हणाला, "तू ऊठ. तू बोलत नाहीस." "मी का? सुरुवात कोणी केली?" शेवटी दोघं उठून भांडत भांडतच जिन्यावर गेले. सगळ्यांना वाटलं, झालं. पाळकांनी डोळे उघडले नाहीत.

"अजून कोणीतरी बसलंय," ते म्हणाले.

मी बसले होते. मला भीती वाटली नाही, राग आला. शनिवारी ते कागद द्यायला घरी आले होते, तेव्हा आमचं काहीतरी त्यांनी ओळखलं आणि आता चारचौघांत माझी शोभा करतायत, असं मी ठरवलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. चार मिनिटं गेली. मग मी उठले. समेट करायला नाही, खोटं बोलणार नाही. घरी जायचं, कपाटाला 'संपलं भांडण' म्हणायचं, परत येऊन पेला घ्यायचा, आणि पुढच्या कमिटीत या माणसाला बघून घ्यायचं. रागात माझे गुडघे चालतात. जिना उतरून रिक्षा केली, सात मिनिटांत घरात होते.

पुढचं वर सांगितलंच आहे.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गिझरच्या ज्योतीने बंद खोलीत विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही. खिडकी नव्हती का?" मी सांगितलं, होती. ते म्हणाले, "अजून दहा मिनिटं गेली असती तर आणून उपयोग नव्हता. आताही मी काही शब्द देत नाही." आणि आत गेले.

भक्ती संपवून पाळक आले. मी बाकड्यावर होते. ते प्रार्थना करू लागले, मी म्हटलं, आधी उत्तर द्या.

"आमचा अबोला तुम्हाला कोणी सांगितला?"

"कोणी नाही. शनिवारी आलो तेव्हा वाटलं होतं काहीतरी. वहिनींनी चहा दिला, आणि साखर कमी आहे हे तुम्ही त्यांना नाही, मला सांगितलंत."

"म्हणजे माहीत होतं."

"शनिवारी कळलं आणि शनिवारीच विसरलो, मावशी. घरी मुलीला ताप होता. आज बोलताना तुमचं नावही डोक्यात नव्हतं."

"मग काय झालं? आवाज आला?"

"नाही."

"उजेड बिजेड?"

"काही नाही. अक्षरं दिसत होती, तोंडातून येत नव्हती. एकच वाक्य होतं – आत्ता घरी जा. लाज वाटत होती. वाटलं, आता मार्थामावशी कमिटीत ठराव करून मला काढणार."

"काढणारच होते. ते जोडपं उठलं, तरी 'अजून कोणीतरी बसलंय' म्हणालात. डोळे तर मिटले होते."

"ते वाक्य अजून गेलं नव्हतं," ते म्हणाले. "मी काय सांगू? तुम्ही दारातून बाहेर पडलात आणि मला सहावी ओळ वाचता आली."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शिंदे म्हणतात, योगायोग. असेल. अबोल्याचं त्यांनी शनिवारी ताडलं होतं, हेही मी झाकून ठेवत नाही. पन्नास माणसांत एकाच्या तरी घरी भांडण असतंच, हेही खरं. समेटाचं बोलायचंच असतं तर त्याची जागा ठरलेली आहे. भोजनाच्या आधी, उपदेश संपल्यावर. तिथे बोलले असते तर मी अर्ध्या तासाने घरी पोचले असते. ते बोलले दुसऱ्या पानाच्या सहाव्या ओळीला. ती प्रत माझ्याकडे आहे. मी ती कितीदा वाचली. त्या ओळीत अबोला नाही, घर नाही, घाई नाही. पिकाबद्दल आहे. योहानने रेश्माचा मोबाईलही पाहिला. तिने त्या दिवशी कोणालाही फोन केला नव्हता.

ठराव मी मागे घेतला नाही. पाळक अजून लिहून आणतात, कारण न लिहिता बोलणाऱ्यात वाऱ्यावर बोलणारेच जास्त असतात, हे माझं मत तसंच आहे. पण ठरावातलं 'लिहिल्याबाहेर बोलू नये' हे वाक्य मीच खोडायला लावलं. गायकवाड म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही?" मी म्हणाले, लिहा गुपचूप. लिहिलेला उपदेश माझ्यासाठी, माझ्या मापाचा होता. त्या दिवशी जे कामाला आलं ते माझ्या मापात बसत नव्हतं. पाळक कागदाला चिकटून राहिले असते, आणि मी समोरून तेच ओरडत होते, तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

आता मी ओळीवर बोट ठेवत नाही. त्यानंतर ते पुन्हा तसे थांबलेले नाहीत. एकदा थांबले, तेव्हा अख्ख्या हॉलने श्वास धरला, दोन-तीन जण उठायच्या तयारीत होते. त्यांना खोकला आला होता.

म्हणून मला अजून कळत नाही. देवाने बोलायचं ठरवलं तर त्याला दुसरं पान कशाला लागतं, आणि माझ्यासारख्या बाईला उठवायला चार मिनिटं का थांबावं लागतं... पाळकांना विचारलं, तेही म्हणतात माहीत नाही. माहीत आहे म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला नसता.

त्या दिवशी संध्याकाळी नर्सने मला आत बोलावलं. रेश्माच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने तो हाताने बाजूला केला. कपाटाकडे नाही, भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली.

"आत्या, पुठ्ठा काढला का?"

"काढला," मी म्हणाले. खरं म्हणजे तेव्हा काढला नव्हता. घरी जाऊन काढला.

हे लिहिताना तिनेच चहा आणून ठेवलाय. साखर कमीच आहे. मला नक्की माहीत आहे ते एवढंच: बाथरूमात रेश्मा होती, आणि रेश्मा जिवंत आहे.